पुढच्या सीझनची वाट

बदलाच्या भीतीविषयी जे लेखन माझ्या वाचनात येते, त्यातले बरेचसे स्वतःहून बदल पत्करलेल्या माणसांचे असते. कोणी मोठ्या पगाराची नोकरी सोडून शेती केलेली असते, कोणी चाळिशीनंतर नवे शिक्षण घेतलेले असते, आणि मग भीतीवर मात कशी केली याची हकीकत ते सांगतात. त्या हकिकती खोट्या आहेत असे मी म्हणत नाही, पण आपण होऊन पाण्यात उतरलेल्या माणसाची आणि होडी उलटल्यामुळे पाण्यात पडलेल्या माणसाची भीती एक नसते. गोव्यातील डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या खाणींच्या तालुक्यांतील माझ्या पिढीच्या वाट्याला प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारचा बदल आला, आणि त्याविषयी मला लिहायचे आहे.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी देणे आवश्यक आहे. गोवा म्हणजे समुद्रकिनारे अशी समजूत असली, तरी आमच्या अंतर्भागाचे अर्थकारण अनेक दशके लोहखनिजावर उभे होते. खाणीतून निघालेले खनिज टिपरने नदीकाठच्या जेटीवर यायचे, तेथून बार्जमधून मांडवी किंवा जुवारीतून मुरगाव बंदराकडे जायचे आणि पुढे जहाजांत चढून चीन, जपानकडे रवाना व्हायचे. चीनची मागणी वाढली त्या वर्षांत निर्यात पाच कोटी टनांच्या आसपास पोहोचली होती. कर्ज काढून टिपर घेणारे, गॅरेजवाले, टायरवाले, जेटीजवळ चहा-भजीचा गाडा लावणारे, आणि माझ्यासारखे कार्यालयात बसून खेपांचा हिशेब लिहिणारे, असे सगळेच त्या साखळीत अडकलेले होते. मी एका खाण कंपनीच्या हिशेब विभागात होतो. वजनकाट्याच्या पावत्या, ट्रकांच्या खेपांची पत्रके आणि रॉयल्टीची चलने यांचा ताळा जमवणे हे माझे काम होते आणि ते मला चांगले जमत असे.

बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेल्यानंतर राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सर्वोच्च न्यायालयाने ते पूर्णपणे थांबवले. बेकायदा खाणकामाचे प्रश्न खरे होते. त्या वादात मी येथे शिरत नाही. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट तारखेची आहे. आमच्याकडे खनिजाची वाहतूक पावसाळ्यात दरवर्षीच थंडावत असे. जूनमध्ये टिपर अंगणात ताडपत्रीखाली जायचे, चालक शेतीला लागायचे, बार्ज दुरुस्तीला जायच्या आणि चवथ, म्हणजे गणेशोत्सव, आटोपली की नव्या सीझनची तयारी सुरू व्हायची. त्यामुळे सप्टेंबरमध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा आमच्यापैकी अनेकांना काही बंद झाल्याचे जाणवलेच नाही. सुट्टी थोडी लांबली, एवढेच वाटले. नाताळपर्यंत सुरू होतील, मग शिगम्यानंतर सुरू होतील, मग या सीझनचे राहू द्या, पुढच्या सीझनला तरी नक्कीच, असे बोलत बोलत वर्ष गेले. वाट पाहण्याची सवय आम्हांला आधीपासूनच होती. ती सवय नव्या परिस्थितीला इतकी चपखल बसली की परिस्थिती नवी आहे हेच कोणाच्या लक्षात येईना.

त्या काळात मला जी अस्वस्थता वाटत होती तिला मी नोकरी जाण्याची भीती समजत होतो. प्रत्यक्षात नोकरी गेली त्या महिन्यात मला झोप बरी लागू लागली, याचे तेव्हा मला आश्चर्य वाटले होते. पुढे काही वर्षांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाविषयी वाचले, तेव्हा त्या आश्चर्याचा थोडा उलगडा झाला. त्यात ४५ स्वयंसेवकांना संगणकावरील एक खेळ दिला होता. दगडाखाली साप आहे की नाही याचा अंदाज करायचा, आणि साप निघाला की हाताला विजेचा सौम्य पण दुखरा झटका बसायचा. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांवरून ताण मोजला असता असे दिसले की झटका बसणारच हे ठाऊक असताना माणसे जितकी ताणाखाली होती, त्याहून अधिक ताण त्यांना झटका बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना आला. प्रयोगशाळेतील सौम्य झटका आणि घरचा बंद झालेला पगार यांची बरोबरी करता येणार नाही, हे मला कळते. तरीही २०१२ ते २०१४ या काळातील आमच्या घराघरांचे वर्णन याहून नेमके मला कोठे सापडलेले नाही. कंपनी अर्धा पगार देत होती, म्हणजे आम्ही नोकरीत होतो आणि नव्हतोही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली नाही तर पुढचे सगळे लबाडीचे ठरेल. माझी पत्नी शिक्षिका आहे आणि तिचा पगार दर महिन्याला येत होता. घर वडिलोपार्जित होते, अंगावर मोठे कर्ज नव्हते. त्यामुळे मला जी भीती वाटत होती ती बव्हंशी मनाची होती, पोटाची नव्हती. आमच्या वाड्यावरच्या एका शेजाऱ्याने घरजागा गहाण ठेवून दोन टिपर घेतले होते आणि हप्ते थकत चालले होते. त्याला रात्री जी धडकी भरत असे, ती काही ‘मनोवृत्ती’ बदलून जाणारी नव्हती, कारण ती परिस्थितीचे अचूक वाचन होती. ‘बदल स्वीकारा’ असे सांगणाऱ्यांनी आधी समोरच्याच्या खिशात किती महिन्यांचे अन्न आहे हे विचारावे, असे माझे स्पष्ट मत आहे. धैर्याची म्हणून जी कौतुके होतात, त्यांतील बरीचशी खरे तर शिल्लक रकमेची असतात.

एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून खाणकामाला परवानगी दिली. फटाके वाजले, टिपरांना हार पडले. प्रत्यक्ष काम सुरू व्हायला आणखी काळ गेला आणि जे सुरू झाले ते पूर्वीच्या मानाने पुष्कळ लहान होते. मग फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा थांबल्या. या दुसऱ्या वेळी झालेली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. पहिल्या बंदीत जे दुसऱ्या धंद्याला लागले होते आणि परवानगीनंतरही परतले नव्हते, त्यांना २०१८ चा निर्णय बातमी म्हणून कळला. जे परतले होते, नवे टायर घालून, नवे कर्ज काढून परतले होते, त्यांच्यासाठी तो पहिल्यापेक्षाही मोठा आघात ठरला. परतणे चूक होते असे मी म्हणणार नाही. हातात टिपर चालवण्याचे कौशल्य असलेल्या माणसाने टिपर चालवण्याची संधी घ्यावी हे स्वाभाविकच आहे. पण जुने पूर्ववत येईल ही आशा माणसाला किती खर्चात पाडू शकते, हे मी त्या वर्षी जवळून पाहिले.

माझ्यापुरते बोलायचे तर मी पहिल्या बंदीतच वळलो, आणि तेही एकदम नव्हे. म्हापशाच्या बाजारात ओळखीच्या एका औषधविक्रेत्याच्या हिशेबाच्या वह्या खोळंबल्या होत्या. शनिवारी जाऊन त्या लिहून देऊ लागलो. त्याने आणखी एकाला सांगितले. या शनिवारच्या कामातून मिळणारे पैसे सांगण्याजोगे नव्हते, पण त्याने एक गोष्ट घडली. कंपनीच्या बाहेर माझी काही किंमत आहे का, या प्रश्नाचे उत्तर मी आतापर्यंत रात्री पडल्या पडल्या कल्पनेने देत होतो, ते आता प्रत्यक्षातून मिळू लागले. भीतीवरील उपचारांत मानसशास्त्रज्ञ रुग्णाला धास्तीच्या गोष्टीला थोड्या थोड्या मात्रेने सामोरे नेतात. जोसेफ वोल्पे यांनी १९५०च्या दशकात ही पद्धत रूढ केली. टाळण्याने भीती पोसली जाते आणि लहान मात्रेतील अनुभवाने ती ओसरते, हे त्यामागचे तत्त्व आहे. मला तेव्हा वोल्पे ठाऊक नव्हते. औषधविक्रेत्याच्या बाकावर बसून खर्चाची बिले लावताना एवढेच वाटत होते की निदान आजचा दिवस वाट पाहण्यात गेला नाही.

त्या शनिवारांनी मला भीतीचे तुकडेही पाडून दाखवले. आतापर्यंत ती एकसंध होती आणि एकसंध भीतीशी काहीच करता येत नाही. तिच्यात पगाराची चिंता होती, पण ती मी समजत होतो तेवढी मोठी नव्हती. कामात पारंगत असण्याची सवय सुटणार, ही चिंता त्याहून मोठी होती. सर्वांत तळाशी जी होती ती कबूल करायला मला वेळ लागला. गावात माझी ओळख कंपनीच्या नावाने होती. देवळाच्या बैठकीत, लग्नात, बँकेत मला बसायला खुर्ची मिळे ती त्या नावामुळे, आणि ते नाव गेल्यावर मी कोण, याचे उत्तर माझ्याकडे तयार नव्हते. डॅनियल काहनेमन आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडले की तेवढ्याच रकमेच्या लाभाने होणाऱ्या आनंदापेक्षा तोट्याचे दुःख माणसाला अधिक लागते, आणि पुढील संशोधनात हे प्रमाण सुमारे दुपटीचे दिसले. पैशांचे गणित असे असेल, तर मानाचे प्रमाण त्याहून तीव्र असावे, असा माझा स्वतःचा अंदाज आहे. त्याला कोणत्याही प्रयोगाचा आधार नाही, केवळ आमच्या वाड्याचा आहे. टिपर विकून भाड्याची टॅक्सी चालवायला काही मालक तयार होईनात, यामागे उत्पन्नापेक्षा मालकाचा चालक होण्याची लाज अधिक होती.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर लागू झाला, आणि लहान दुकानदारांमध्ये घबराट पसरली. तोपर्यंत मूल्यवर्धित कराची पद्धत अंगवळणी पडली होती. आता पोर्टल, वस्तूंच्या वर्गीकरणाचा एचएसएन संकेतांक, महिन्याची विवरणपत्रे, ठरलेल्या तारखेला भरले नाही तर विलंब शुल्क. हा बदल त्यांच्यासाठी संकट होता आणि माझ्यासाठी, खरे सांगायचे तर, सुटकेचा रस्ता होता, कारण त्या दिवशी सगळेच नवशिके होते. वीस वर्षे विक्रीकराची कामे करणारे सल्लागार आणि खाणीतून आलेला मी, दोघेही तेच पोर्टल उघडून तीच चक्राकार फिरणारी खूण पाहत बसत होतो. मोठा बदल जुन्या जाणकारांचे भांडवल थोडे कमी करतो आणि उशिरा आलेल्याला रांगेत जागा देतो, ही बाजू बदलाच्या भीतीविषयी बोलताना क्वचितच मांडली जाते.

पोर्टल वापरायला मला शेजारच्या मुलीने शिकवले. ती तेव्हा वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला होती. “काका, आधी सेव्ह करा, मग पुढे जा,” हे वाक्य तिने मला इतक्या वेळा ऐकवले असेल की ते आमच्या घरात विनोद म्हणून वापरले जाऊ लागले. कार्यालयात दोन पिढ्यांचे कारकून ज्याच्याकडे शंका घेऊन येत, त्याने विशीच्या मुलीकडून माउस कोठे दाबायचा हे शिकणे, यात जे काही बोचते ते प्रत्यक्षात आठवडाभरच बोचते. त्याच्या धास्तीने मात्र माणसे वर्षे घालवतात. माझे एक माजी सहकारी, माझ्याहून हुशार, केवळ याच कारणाने मागे राहिले, असे मला आजही वाटते. ते शिकायला तयार होते, पण कोणाच्या देखत नाही.

आणि मग एक शोध लागला, ज्याची मी अपेक्षा केली नव्हती. पुरवठादाराने विवरणपत्रात भरलेली बीजके आणि दुकानदाराच्या वहीतील खरेदीच्या नोंदी जुळत नसतील तर खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळण्यात अडचण येते, म्हणून दर महिन्याला त्यांचा ताळा पाहावा लागतो. हेच तर मी आयुष्यभर करत आलो होतो. जेटीवरचा वजनकाटा एक आकडा सांगतो, खाणीवरचा दुसरा, आणि मधल्या वाटेत काय झाले हे शोधून काढायचे. टिपर गेले, रॉयल्टीची चलने गेली, पण न जुळणाऱ्या दोन आकड्यांमधली चूक कोठे दडलेली असते याचा जो वास मला येत असे तो गेला नव्हता. त्या दिवसापासून मी स्वतःला नवशिका म्हणणे थांबवले. परिस्थितीशी जुळवून घेणे म्हणजे आपण पूर्ण वेगळे होणे, असा माझा समज होता आणि भीतीचा मोठा वाटा त्या समजातून आलेला होता.

आमच्या देवळांच्या इतिहासाकडे मी त्यानंतर वेगळ्या नजरेने पाहू लागलो. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालील भागांत देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा भाविकांनी देव उचलले आणि अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा भागात, पोर्तुगीजांच्या अमलाबाहेर नेले. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० मध्ये प्रियोळला आला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. ही हकीकत आम्ही लहानपणापासून अभिमानाने ऐकतो, आणि ऐकताना डोळ्यांपुढे आजची भव्य देवळे, दीपस्तंभ, तळी उभी राहतात. पण ते देव आले तेव्हा तेथे यातले काहीच नव्हते. मंगेशीला गाव इनाम मिळाले ते पेशव्यांकडून १७३९ मध्ये, आणि कवळ्याचे आजचे देऊळ शाहू महाराजांच्या काळातले. मधली पावणेदोनशे वर्षे साध्या वास्तूंत गेली. त्या काळातील एखाद्या कुटुंबाला आपण परतणार की येथेच राहणार हे कळले होते का, याचा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो. दिसते एवढे की त्यांनी परतण्याची वाट पाहत पूजा थांबवली नाही. नदी ओलांडताना त्यांनी देव, उपचार, गोत्र आणि मूळ गावाचे नाव घेतले. घरे, शेते आणि देवळाचे दगड मागे राहू दिले. काय उचलायचे याचा निर्णय घाईत झाला असला, तरी तो अचूक होता.

जे मागे राहते त्याचे काय करायचे, हा प्रश्न मात्र उरतोच, आणि त्याचे उत्तर मला सांगे तालुक्यातील कुर्डीत दिसते. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे हे गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले आणि ग्रामस्थांना वाडे आणि वालकिणी येथे वसवण्यात आले. तेथील प्राचीन महादेव मंदिर दगड सुटे करून धरणाजवळ पुन्हा उभारले गेले. दरवर्षी मे महिन्यात पाणी ओसरते, घरांचे चौथरे उघडे पडतात आणि विखुरलेले कुर्डीकर सोमेश्वराच्या उत्सवासाठी तेथे जमतात. पावसाळा आला की ती जागा पुन्हा पाण्याखाली जाते. एकदा मेमध्ये मी तेथे गेलो होतो. एक वृद्ध बाई नातवाला आपल्या घराचा उंबरठा दाखवत होत्या, आणि तेवढ्याच उत्साहाने, वालकिणीच्या घरात या वर्षी काजू कसा आला तेही सांगत होत्या. शोकाला वर्षातले ठरावीक दिवस दिले की उरलेले दिवस त्याच्या ताब्यात जात नाहीत, असे त्यांच्याकडे पाहून वाटले. आम्ही खाणवाल्यांनी मात्र २०१२ नंतर एकदाही जमून असे म्हटले नाही की संपले. निरोपाचा कार्यक्रम झाला असता, कोणी दोन शब्द बोलले असते, चालकांना नारळ दिला असता, तर पुढची दोन वर्षे वेगळी गेली असती काय? मला वाटते, काही जणांची नक्कीच गेली असती.

खाणी थांबल्याने काही चांगलेही झाले. रस्त्यांवरील टिपरांच्या रांगा गेल्या, लाल धूळ बसली आणि आमच्याकडे पांढरे कपडे बाहेर वाळत घालता येऊ लागले. ज्यांचे उत्पन्न गेले त्यांच्यापुढे मात्र हे बोलू नये.

डिसेंबर २०२२ पासून खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आणि काही ठिकाणी खाणकाम पुन्हा सुरू झाले आहे. म्हणजे ज्याची वाट पाहिली ते शेवटी आले, हे मान्य करावे लागते. पण ते वेगळ्या अटींवर आले आणि मधल्या काळात वाट पाहणाऱ्यांची वयेही पुढे सरकली. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा अवजड यंत्रे चालवतो. गेली काही वर्षे तो मालवाहू रिक्षा घेऊन म्हापसा आणि पेडणे भागात भाजी व किराणा पोहोचवत होता. त्याला एका खाणीवर कंत्राटी काम मिळाले, तेव्हा तो रिक्षा विकायला निघाला आणि विक्रीचा करार दाखवायला माझ्याकडे आला. मी त्याला जा किंवा जाऊ नको असे काहीच म्हटले नाही. आम्ही कागद घेऊन बसलो, हप्ते किती उरले, कंत्राट किती मुदतीचे, पावसाळ्यातील चार महिन्यांचे काय, हे लिहून काढले. रिक्षा त्याने विकली नाही. मित्राला ठरावीक भाड्याने चालवायला दिली आणि सोमवारपासून खाणीवर जाऊ लागला. भाड्यावर कर लागतो का, हे त्याने जाताना विचारले. उलाढाल तेवढी नाही, असे मी सांगितले, पण दोघांमधला करार मात्र लेखी करायला लावला.